बातमीची जागा आणि जागेची किंमत

६ जानेवारी हा महाराष्ट्रात पत्रकार दिन. १८३२ साली या तारखेला बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चा पहिला अंक निघाला. आमच्या वाशीमलाही हा दिवस साजरा होतो. सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, भाषणे होतात. पत्रकाराने निर्भीड असावे, निःपक्षपाती असावे, लेखणी विकू नये, असे या भाषणांतून सांगितले जाते. संस्थांच्या, कंपन्यांच्या किंवा सरकारच्या जनसंपर्काचे काम करणाऱ्यांसाठीही असाच एक उपदेश तयार असतो: त्यांनी खोटे सांगू नये. या उपदेशात चूक काही नाही. पण तो सारा व्यक्तीच्या चारित्र्यावर बोट ठेवतो आणि ती व्यक्ती ज्या व्यवस्थेत राबते त्या व्यवस्थेविषयी मौन पाळतो. आपल्या समाजाला हा प्रकार नवा नाही. अस्पृश्यांनी स्वच्छ राहावे, दारू सोडावी, मग त्यांना जवळ करता येईल, असे सांगणारे सुधारक पुष्कळ झाले. तळे कोणाच्या ताब्यात आहे, हे मात्र त्यांतल्या फार थोड्यांनी विचारले.

वृत्तपत्रीय नीतीच्या बाबतीत मला तोच प्रश्न विचारावासा वाटतो. पानावरची जागा कोणाच्या ताब्यात आहे? ती कोणाला फुकट मिळते, कोणाला विकत मिळते आणि कोणाला पैसे मोजूनही मिळत नाही? पत्रकाराचे आणि जनसंपर्क अधिकाऱ्याचे नैतिक पेच या प्रश्नातून निर्माण होतात. तो बाजूला ठेवून केलेली नीतीची चर्चा मला पोकळ वाटते. या लेखात मी महाराष्ट्रात घडलेल्या काही घटना त्या दृष्टीने तपासून पाहणार आहे.

प्रारंभ 'मूकनायक'पासून करावा लागेल. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी हे पाक्षिक सुरू केले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साह्य दिले होते. पांडुरंग नंदराम भटकर हे त्याचे पहिले संपादक. मुंबई इलाख्यातील बहुतेक पत्रे विशिष्ट जातींचेच हितसंबंध पाहतात आणि इतर जातींच्या हिताची त्यांना पर्वा नसते, हे बाबासाहेबांनी पहिल्याच अंकात मांडले. त्याचा पुरावा लगेच मिळाला. या नव्या पाक्षिकाची जाहिरात 'केसरी'कडे पाठवण्यात आली. तिचे पैसे देण्याची तयारी होती. तरीही 'केसरी'ने ती छापली नाही. लोकमान्य टिळक त्या वेळी हयात होते.

या घटनेचा उल्लेख आपल्याकडे वारंवार होतो, पण तो बहुधा टिळकांच्या मोठेपणाचे माप काढण्यासाठी. मला तिचा अर्थ वेगळा दिसतो. ती जाहिरात पूर्णपणे प्रामाणिक होती. ती जाहिरात म्हणूनच आली होती, बातमीचे सोंग घेऊन आली नव्हती. पाठवणाऱ्याचे नाव उघड होते. व्यापाराच्या नियमाने पाहिले तर ती नाकारण्याला कारण नव्हते. तरी ती नाकारली गेली, कारण पानावरची जागा ही व्यापाराची वस्तू होण्याआधी जातीची मिळकत होती.

आता नव्वद वर्षे पुढे येऊ. १३ ऑक्टोबर २००९ रोजी महाराष्ट्र विधानसभेसाठी मतदान झाले. त्याआधीच्या दिवसांत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या कार्याचा गौरव करणारी पानेच्या पाने मराठी दैनिकांत छापून आली. 'अशोकपर्व' या नावाच्या पुरवण्या निघाल्या. चव्हाण भोकर मतदारसंघातून उभे होते. आमच्या वाशीमहून हिंगोली ओलांडले की नांदेड जिल्हा लागतो, त्यामुळे या प्रकरणाची चर्चा आमच्याकडे बरीच झाली. पत्रकार पी. साईनाथ यांनी नोव्हेंबर २००९मध्ये 'द हिंदू'त हे प्रकरण मांडले. त्यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट मराठी शिकवणारा माणूस म्हणून मला फार बोलकी वाटते. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकच मजकूर शब्दशः तोच छापून आला होता, आणि तो ज्याच्या त्याच्या बातमीदाराने लिहिल्यासारखा छापला होता. कुठेही 'जाहिरात' असा शब्द नव्हता.

आमच्याकडे दोन विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत एकच परिच्छेद आला तर आम्ही दोघांनाही उभे करतो आणि मूळ कोणाचे ते विचारतो. येथे तीच विचारणा वाचकाला करायची होती. या वाक्यांचा कर्ता कोण? बातमीदार की उमेदवाराच्या प्रसिद्धीची व्यवस्था पाहणारा कोणी? चव्हाण यांनी निवडणूक आयोगाला सादर केलेल्या हिशेबात वृत्तपत्रांतील जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये दाखवला होता. उमेदवाराच्या एकूण खर्चाची मर्यादा तेव्हा १० लाख रुपये होती. पैसे देऊन बातम्या छापून घेतल्याचा आरोप त्यांनी नाकारला. पुढे मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की उमेदवाराने दिलेला हिशेब खरा आहे का, हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे. जुलै २०१४मध्ये आयोगाने हिशेब योग्य रीतीने दिला नसल्याचा निष्कर्ष काढला. सप्टेंबर २०१४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. कोणालाही दोषी म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण उमेदवार सुटला म्हणून वाचकाचा प्रश्न सुटत नाही. तोच मजकूर निरनिराळ्या बातमीदारांच्या लेखणीतून कसा उतरला, याचे उत्तर त्याला मिळालेले नाही.

हा एका उमेदवाराचा विषय नव्हताच. दरपत्रके होती, 'पॅकेजे' होती, आणि पैसे न देणाऱ्या उमेदवाराचे नावसुद्धा छापून येत नव्हते, अशा तक्रारी देशभरातून आल्या. भारतीय वृत्तपत्र परिषदेने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिने वृत्तपत्रांची नावे घेऊन सविस्तर अहवाल दिला. जुलै २०१०मध्ये परिषदेने मूळ अहवाल बाजूला ठेवून छोटा, सौम्य केलेला अहवाल प्रसिद्ध केला. मूळ अहवाल लोकांपुढे येण्यासाठी केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशाची वाट पाहावी लागली, आणि तो आला २०११मध्ये. नीतीचा पहारा करायला बसवलेल्या संस्थेनेच नावे झाकली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या परिषदेवर वृत्तपत्रांचे मालकही बसतात.

१९२० आणि २००९ या दोन घटना शेजारी ठेवल्या की माझे म्हणणे स्पष्ट होईल. पहिल्या वेळी पैसे देऊ करणाऱ्या, नाव उघड सांगणाऱ्या माणसाची जाहिरात जाहिरात म्हणूनही छापली गेली नाही. दुसऱ्या वेळी, जी तक्रार झाली ती अशी की पैसे घेऊन, नाव लपवून, जाहिरात बातमी म्हणून छापली गेली. दोन्ही वेळा पानाचे दार एकाच वर्गाच्या हातात होते. १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी म्हटले होते की पत्रकारिता हे एके काळी व्रत होते, आता तो धंदा झाला आहे, आणि साबण तयार करण्यापेक्षा अधिक नैतिक कार्य तिच्याकडे उरलेले नाही. आज मला या तुलनेत साबणाच्या कारखानदारावर थोडा अन्याय झाल्यासारखा वाटतो. साबणाच्या वडीवर निदान कारखान्याचे नाव असते. विकलेल्या बातमीवर तेही नसते.

जनसंपर्क या व्यवसायाकडे पाहताना आपल्या मंडळींची भूमिका बहुधा सरसकट तुच्छतेची असते. ती मला मान्य नाही. आपल्या संस्थेची बाजू लोकांपुढे मांडणे हे काम मुळात अनीतीचे नाही. आपल्या चळवळीलाही ते करावेच लागले. प्रश्न नाव उघड करण्याचा आहे. या व्यवसायाचा आद्य पुरुष मानला जाणारा अमेरिकेतील आयव्ही ली याने १९०६ साली वृत्तपत्रांना एक जाहीरनामा पाठवला. आमचे काम उघडपणे चालते, आमचा मजकूर तुम्हाला जाहिरात विभागाकडे जाण्याच्या लायकीचा वाटला तर तो वापरू नका, असा त्याचा आशय होता. तत्त्व उत्तम होते. पण १९१४ साली कोलोरॅडोतील लडलो येथे संपावर गेलेल्या खाणकामगारांच्या तंबूंवर गोळीबार झाला, बायकामुले जळून मेली, तेव्हा हाच ली खाणीत गुंतलेल्या रॉकफेलरच्या बाजूने पत्रके काढू लागला. त्यांत कामगार पुढाऱ्यांच्या पगाराचे खोटे आकडे होते. चौकशीत त्याला विचारले गेले तेव्हा उत्तर असे की खाणमालकांनी दिलेली माहिती त्याने तपासली नव्हती. भारतातही १९६८ सालच्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या परिषदेत जनसंपर्क व्यावसायिकांनी आचारसंहिता स्वीकारली. २१ एप्रिल हा दिवस त्यासाठी पाळला जातो. संहिता आहे, दिवस आहे. पण पगार देणाऱ्याने पुढे सरकवलेला आकडा तपासण्याची हिंमत संहितेतून येत नाही. नोकरी गेली तर घर कसे चालेल, या प्रश्नापाशी ती अडते.

याचे उदाहरण आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात घडले. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली त्यांत यवतमाळ होता आणि आमचा वाशीमही होता. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त एक पानभर वृत्तांत आला. यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा आणि अंतरगाव या गावांत बीटी कापसाने समृद्धी आणली आहे, येथे आत्महत्या होत नाहीत, असा त्याचा आशय होता. तिकडे जाण्याची सोय बियाणे कंपनी महिको मोन्सॅन्टो बायोटेक हिने केली होती. २८ ऑगस्ट २०११ रोजी तोच वृत्तांत त्याच दैनिकात शब्दशः पुन्हा आला. या वेळी तो विकत घेतलेल्या जागेवर होता, आणि पानावर ग्राहकांशी संवाद साधण्याचा उपक्रम अशा अर्थाची इंग्रजी ओळ होती. दुसऱ्या दिवसापासून कंपनीच्या जाहिराती सुरू झाल्या. जैवतंत्रज्ञानाच्या नियमनाचे विधेयक संसदेत मांडायचे राहून गेले होते, ते हे दिवस. २००८च्या वृत्तांतासाठी आपण पैसे दिले नव्हते, असे कंपनीचे म्हणणे होते.

मार्च २०१२मध्ये संसदेची शेतीविषयक स्थायी समिती भांबराजात गेली. गावकऱ्यांनी तिला सांगितले की आमच्या गावात चौदा आत्महत्या झाल्या आहेत. साईनाथ यांनी मे २०१२मध्ये हे सारे लिहिले. त्यांच्या वर्तमानपत्राने २००३ ते २००९ या काळातील नऊ आत्महत्यांची खातरजमा केली होती. म्हणजे 'आत्महत्या होत नाहीत' हे वाक्य ज्या दिवशी छापले गेले त्या दिवशी त्या गावात विधवा होत्या. त्यांच्यापैकी कोणाला विचारले असते तर ते वाक्य लिहिता आले नसते.

या प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करते ती गोष्ट कंपनीच्याच खुलाशातून निघते. २००८ साली पैसे दिले नव्हते हे खरे मानले, तर तीन वर्षांनी एक अक्षर न बदलता तो मजकूर जाहिरात म्हणून वापरता आला, याचा अर्थ काय? याचा अर्थ असा की बातमी आणि जाहिरात यांच्या भाषेत फरकच राहिलेला नव्हता. पैसे न घेताही बातमीदार कंपनीचे बोलू शकतो. त्याला कंपनीची गाडी गावात नेते, कंपनीचा माणूस कोणाशी बोलायचे ते दाखवतो, आणि ज्यांच्या घरासमोर गाडी थांबत नाही त्यांचे म्हणणे बातमीत येत नाही. शेतमजुराच्या घरासमोर अशी गाडी कधीच थांबत नाही. बियाण्याची चर्चा शेतकऱ्यापाशी संपते. वेचणीला जाणाऱ्या बाईला त्या कापसाने काय दिले, हे तर विचारलेलेही नसते.

पैशाचा संबंधच नसतो तेथेही जागा कोणाला मिळते ते पाहावे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीला जे छापून आले त्यात अनैतिक संबंधांतून घडलेला प्रकार असा सूर होता. हे हत्याकांड जातीचे आहे हे मोठ्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर यायला नोव्हेंबर उजाडला, आणि तेही नागपूर, अमरावतीकडे माणसे रस्त्यावर उतरल्यानंतर. मग मोर्च्यांमागे नक्षलवादी असल्याची शंका गृहखात्याकडून व्यक्त झाली आणि तिलाही ठळक जागा मिळाली. येथे कोणी दरपत्रक काढले नव्हते, पॅकेज घेतले नव्हते. पोलिसांचे आणि गावाचे म्हणणे बातमी म्हणून फुकट छापले गेले आणि जिवंत राहिलेल्या भैयालाल भोतमांगे यांचे म्हणणे छापून यायला महिना लागला. पत्रकाराने पैसे घेतले नाहीत म्हणजे तो नीतीने वागला, हे समीकरण खैरलांजीने खोटे ठरवले आहे.

१९२७ साली महाडला जे घडले ते या संदर्भात आठवते. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने आधीच केला होता. ठराव होता आणि पाणी मिळत नव्हते. वृत्तपत्राचे स्तंभही असेच ठरावाने सर्वांना खुले आहेत. प्रत्यक्षात काठावर कोणाला उभे राहू द्यायचे हे आत बसलेली माणसे ठरवतात. ही आत बसलेली माणसे कोण, याचा शोध फार उशिरा घेतला गेला. १९९६ साली बी. एन. उनियाल या पत्रकाराने दिल्लीत दलित पत्रकार शोधायला सुरुवात केली आणि त्याला एकही सापडला नाही. २००६ साली योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांमधील निर्णय घेणाऱ्या ३१५ पदांची पाहणी केली. त्यांत दलित किंवा आदिवासी एकही नव्हता. त्यानंतर वीस वर्षे गेली. आपली मुले या व्यवसायात आली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ती कोणत्या दारातून आली, हेही पाहिले पाहिजे.

ती तालुक्याचे वार्ताहर म्हणून आली. माझ्या वर्गात शिकलेला एक मुलगा असाच एका दैनिकाचा वार्ताहर झाला. आई निंदायला-वेचायला जाणारी, घरातला पहिला पदवीधर. माझे वडील सालदार होते आणि मीही घरातला पहिलाच, त्यामुळे त्याचे मला कौतुक होते. त्याला ओळखपत्र मिळाले, पगार मिळाला नाही. त्याची कमाई म्हणजे तो आणील त्या जाहिरातींवरचे कमिशन. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, दिवाळी, दैनिकाचा वर्धापनदिन आणि स्थानिक पुढाऱ्यांचे वाढदिवस, या प्रत्येक पुरवणीसाठी त्याला रकमेचे उद्दिष्ट दिले जाई. एका गावात बौद्ध वस्तीची स्मशानाकडे जाणारी वाट अडवली गेली. त्याने गावात जाऊन, दोन्ही बाजूंशी बोलून बातमी पाठवली. ती छापून आली नाही. त्या गावचा कारभारी पुरवणीचा जुना जाहिरातदार होता, आणि फोनवर त्याला ऐकवण्यात आले की आधी जाहिरातीचे बघ. तो मला म्हणाला, "सर, बातमी आणि जाहिरात मला एकाच दारातून आणायला सांगतात. ज्याच्या विरुद्ध लिहायचे त्याच्याच ओट्यावर पावती फाडायची."

वृत्तपत्रीय नीतीवरचे इतके नेमके विधान मी पुस्तकात वाचलेले नाही. मोठ्या शहरांतले संपादक जेव्हा ग्रामीण वार्ताहरांच्या भ्रष्टपणावर लिहितात, तेव्हा त्या वार्ताहराच्या हातात पावतीपुस्तक कोणी दिले हे ते लिहीत नाहीत. १९५५ साली श्रमिक पत्रकारांसाठी कायदा झाला. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४मध्ये उचलून धरल्या. तालुक्याच्या वार्ताहरापर्यंत त्यातले काही पोचले नाही, कारण कागदावर तो कोणाचा नोकरच नसतो. उपाशी माणसाला लेखणी विकू नकोस असे सांगणे सोपे असते. त्याची लेखणी बिनपगारी वापरून तिच्या नावावर जागा विकणाऱ्याला मात्र ६ जानेवारीच्या व्यासपीठावर प्रमुख पाहुणा म्हणून बोलावले जाते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. वृत्तपत्र चालवायला पैसा लागतो. वाचक देतो त्या किमतीत कागदाचाही खर्च निघत नाही. जाहिरात नसेल तर पत्र बंद पडेल. हे खरेच आहे. पैशाअभावी 'मूकनायक' बंद पडला, आणि १९२७ साली सुरू झालेले 'बहिष्कृत भारत' १९२९ साली बंद पडले. म्हणून जाहिरात घेऊच नये असे मी म्हणत नाही. जाहिरात जाहिरात म्हणून घ्यावी, चौकट आखावी, देणाऱ्याचे नाव लिहावे, आणि ती आणणारा माणूस बातमी आणणारा नसावा, एवढेच म्हणणे आहे. जिल्हा माहिती कार्यालयाचे प्रसिद्धीपत्रक कार्यालयाच्या नावानेच वृत्तपत्राकडे येते. ते छापताना कार्यालयाचे नाव काढून 'प्रतिनिधी' असे घातले जाते तेव्हा फसवणूक होते, आणि ती कार्यालयाने केलेली नसते. मोबाइलवरच्या पोर्टलांनी जागेची टंचाई संपवली असे म्हणतात. जागा वाढली हे खरे, पण तेथेही सत्काराची चित्रफीत आणि बातमी यांत रेघ कोण ओढतो?

आता आपल्याकडे वळतो. १४ एप्रिलच्या पुरवण्या काढून पाहाव्यात. वर बाबासाहेबांचे मोठे छायाचित्र, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगा. त्यांत आपल्या कार्यकर्त्यांचे चेहरे असतात, ठेकेदारांचे असतात, आणि पुढच्या निवडणुकीत उभे राहू इच्छिणाऱ्यांचेही असतात. जे दैनिक वस्तीची वाट अडवल्याची बातमी पाडते, त्याच दैनिकाला आपण वर्गणीच्या पैशातून त्या दिवशी अर्धे पान देतो. मग त्याच्याकडे आपल्या बातमीचा आग्रह धरण्याचे बळ आपल्यात राहत नाही. शुभेच्छांच्या चौकटीत आलेला चेहरा ही प्रतिनिधित्वाची खूण आहे असे आपण समजू लागलो आहोत. तोच पैसा तालुक्याच्या एका मुलाला वर्षभर बातम्या गोळा करण्यासाठी दिला, किंवा आपल्या नियतकालिकांच्या वर्गणीत भरला, तर काय होईल याचा विचार मंडळांच्या बैठकांत झाला पाहिजे. १९२० साली पैसे घेऊनही आपली जाहिरात छापली जात नव्हती. आज ती आनंदाने छापली जाते. हा बदल आपल्याला माणूस मानल्यामुळे झाला की गिऱ्हाईक मानल्यामुळे, हे ओळखण्याइतके आपण आता शिकलेलो आहोत.

नीतीचा प्रश्न वाचकाच्याही हातात असतो, आणि शिक्षकांना त्यात काम आहे. मी मराठीच्या तासाला कधीकधी वर्तमानपत्राचे एक पान घेतो. विद्यार्थ्यांना प्रत्येक मजकुराशेजारी चार प्रश्नांची उत्तरे लिहायला सांगतो. हे वाक्य मूळ कोणाचे? हे छापल्याने कोणाचा फायदा? ज्याच्याविषयी लिहिले त्याला विचारले आहे का? आणि या गावातल्या कोणाचे म्हणणे येथे असायला हवे होते व नाही? सुरुवातीला मुले गोंधळतात. त्यांनी व्याकरणात कर्ता ओळखलेला असतो, बातमीत ओळखलेला नसतो. थोड्या सरावाने त्यांच्या ध्यानात येते की क्रियापदे सांगणाऱ्याचे नाव घेत नाहीत: 'सांगण्यात आले', 'कळते', 'समजते', 'बोलले जाते'. सांगणारा कोण, हे लपवण्याची सोय भाषेतच करून ठेवलेली असते. आणखी एक गोष्ट त्यांनी मला दाखवली. मंत्री, अधिकारी, कंपनी, संस्थाचालक ही मंडळी पानावर बोलताना आढळतात. शेतमजूर पानावर आढळतो तो वीज पडून, साप चावून, विहिरीत दबून मेल्यावर. त्याचे नाव, वय, गाव तेव्हा अचूक छापलेले असते. जिवंतपणी त्याला काय म्हणायचे होते, हे विचारायला कोणी गेलेले नसते.

पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात नीतीचा एक घटक असतो. त्यात ही चार प्रश्नांची कसोटी घालावी. वार्ताहरांच्या संघटनांनी पगार आणि पावतीपुस्तक वेगळे करण्याची मागणी पुरस्कारांच्या मागणीच्या आधी ठेवावी. जनसंपर्काच्या नोकरीत गेलेल्या आपल्या मुलांनी आपल्या नावाशिवाय एकही ओळ वृत्तपत्राकडे पाठवू नये आणि न तपासलेला आकडा पुढे सरकवू नये. आणि आपल्या गावात बातमी पडली तर ती का पडली, हे लेखी विचारणारे पोस्टकार्ड वाचकांनी संपादकाला पाठवावे. एका पोस्टकार्डाने काही होत नाही हे मला माहीत आहे. एकाच गावातून पन्नास गेली तर त्यांची नोंद घ्यावी लागते. आमच्या तालुक्यात स्मशानाची ती वाट अजून अडलेली आहे, आणि तिची बातमी अजून छापून यायची आहे.